सात वर्षांची शिक्षा आणि परतीचं भाडं

प्रश्न असा आहे: "आम्ही दोन वर्षांपूर्वी सिडनीला आलो. मुलगा चौथीत आहे. शाळेत इथल्या कैद्यांबद्दल शिकवत आहेत. त्याने विचारलं, अंदमानच्या सेल्युलर जेलसारखी यांची जेल कुठे आहे, आपण बघायला जाऊ. मला उत्तर देता आलं नाही. भाकरीचा तुकडा चोरला म्हणून माणसं इतक्या लांब पाठवली हे खरं का? आणि शिक्षा संपल्यावर ती परत का गेली नाहीत?"

मुलाला सांगा, तशी जेल सिडनीत शोधून सापडणार नाही. इथे आलेल्या बहुतेक कैद्यांनी शिक्षेची वर्षं कोठडीत काढलीच नाहीत. कुणी मेंढरं राखली, कुणी रस्त्यासाठी खडक फोडले, कुणी मालकाच्या घरी भांडी घासली. मी वीसहून जास्त वर्षं या लोकांच्या नोंदी वाचते आहे. कुणीतरी खापरपणजोबांचं नाव घेऊन येतं आणि विचारतं, "त्यांना कुठल्या तुरुंगात ठेवलं होतं?" मी उलट विचारते, "ते कुणाकडे होते?" गुन्हा काय होता, शिक्षा किती वर्षांची होती, यापेक्षा माणूस कुणाच्या हाती पडला यावर त्याचं आयुष्य ठरायचं. माझं सगळं उत्तर या एका वाक्याभोवती फिरणार आहे.

अंदमानची तुलना अगदीच चुकीची नाही, फक्त काळ चुकतो. सेल्युलर जेल पूर्ण झाली १९०६ मध्ये. पोर्ट ब्लेअरची कैदी वसाहत मात्र १८५८ पासूनची. जेल उभी राहण्याआधीच्या त्या अंदमानात कैदी जंगल तोडत, आणि वागणूक चांगली ठेवली तर परवाना मिळवून स्वतःच्या कमाईवर राहत. ते अंदमान ऑस्ट्रेलियाच्या जवळचं. त्याच्याही आधी मुंबई इलाख्यातले कैदी मॉरिशसला आणि सिंगापूरला धाडले जात होते. साम्राज्य एकच, पद्धत एकच, समुद्र तेवढे वेगळे.

आता भाकरीचा तुकडा. ही गोष्ट सगळ्यांना आवडते आणि तिच्यात थोडं तथ्यही आहे, पण माझ्या हातून गेलेल्या नोंदींत भाकरी क्वचितच दिसते. दिसतात त्या रुमाल, कोट, चमचे, कापडाचे तागे, मेंढ्या, घोडे, धन्याच्या घरातले पैसे. बहुसंख्य कैदी चोरीच्या गुन्ह्यातले, शहरातले किंवा शहरात नुकतेच आलेले, तरुण, आणि बऱ्याच जणांवर आधीही एखादा गुन्हा शाबीत झालेला. राजकीय कैदी थोडे. डॉर्सेट परगण्यातल्या सहा शेतमजुरांना १८३४ साली संघटना बांधताना गुप्त शपथ घेतली म्हणून सात वर्षांची शिक्षा देऊन पाठवलं. त्यांच्यासाठी इंग्लंडभर एवढा गदारोळ झाला की दोन वर्षांत माफी द्यावी लागली. पण त्यांची गोष्ट प्रसिद्ध झाली ती नेहमीची नव्हती म्हणूनच.

इंग्लंडच्या कायद्यात त्या काळी दोनशेच्या वर गुन्ह्यांना फाशी होती. राहत्या घरातून ४० शिलिंगांचा माल चोरला तरी फाशीच. मग ज्यूरीतली माणसं काय करायची? चोरीच्या मालाची किंमत ३९ शिलिंग ठरवायची. समोर ठेवलेलं घड्याळ उघडउघड दहा पौंडांचं, म्हणजे दोनशे शिलिंगांचं असलं तरी निकालात ३९ शिलिंग. असे निकाल वाचताना मला दर वेळी हसू येतं आणि बरंही वाटतं. त्या एका शिलिंगाने माणूस फासावरून उतरून जहाजात जायचा. हद्दपारी ही अशी मधली शिक्षा होती: सात वर्षं, चौदा वर्षं किंवा जन्मठेप. सर्वांत जास्त लोकांना सातच मिळत.

आधी हे कैदी अमेरिकेला जात. तिथे स्वातंत्र्ययुद्ध पेटलं आणि ती वाट बंद झाली. तेव्हा १७७६ पासून थेम्स नदीत जुनी, शिडं-डोलकाठ्या उतरवलेली गलबतं नांगरून त्यांत माणसं कोंबायला सुरुवात झाली. या गलबतांना हल्क म्हणत. ऑस्ट्रेलियाला गेलेल्या असंख्य पुरुषांनी आधी महिनोन्महिने हल्कवर काढले आहेत. दिवसा गोदीत काम, रात्री बेड्यांसकट खाली. अकरा जहाजांचा पहिला ताफा पोर्ट्समथहून १३ मे १७८७ ला निघाला आणि २६ जानेवारी १७८८ ला सिडनीच्या खाडीत लागला. शेवटचं कैदी-जहाज जानेवारी १८६८ मध्ये पश्चिमेकडे फ्रीमँटलला आलं. या ८० वर्षांत साधारण १ लाख ६२ हजार माणसं आणली गेली. त्यांत बायका सुमारे २५ हजार.

प्रवासाबद्दल ऐकलेलं सगळं भयंकर असतं. ते पहिल्या काही वर्षांपुरतं खरं आहे, त्यातही सर्वांत जास्त १७९० च्या दुसऱ्या ताफ्याबद्दल. ठेका ज्या कंपनीला दिला होता ती गुलामांच्या व्यापारातली, आणि पैसे मिळणार होते ते जहाजात चढवलेल्या माणसामागे. उतरवलेल्या माणसामागे नाही! म्हणजे कैदी वाटेत मेला तर त्याचा शिधा वाचला. हजाराच्या आसपास निघालेल्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा वाटेतच गेला. शेजारी बेडीत मेलेला सोबती लोकांनी लपवून ठेवला, त्याच्या वाटणीचं खायला मिळावं म्हणून. सिडनीच्या पाद्रीबुवांनी जहाजाच्या पोटात उतरून हे पाहिलं आणि पत्रात लिहिलं.

पुढे ठेक्याची अट बदलली. माणूस जिवंत पोचवला तर जास्त पैसे. १८१५ नंतर प्रत्येक जहाजावर नौदलाचा एक डॉक्टर कैद्यांवर अधिकारी म्हणून नेमला जाऊ लागला आणि मृत्यूंचं प्रमाण शंभरात एकाच्या घरात आलं. चार महिन्यांचा प्रवास, रोज डेकवर हवा, लिंबाचा रस, धुणं, प्रार्थना, काही जहाजांवर लिहायला-वाचायला शिकवणं. १८३० च्या दशकातला कैदी बहुधा घरच्यापेक्षा बरं खात इथे आला. घर सुटल्याचं दुःख त्याने कमी होत नाही, पण १७९० चा तो ताफा आणि ही नंतरची जहाजं एकाच वाक्यात बसवू नका.

इथे एक गोधडी आठवते. 'राजा' नावाचं जहाज १८४१ मध्ये १८० कैदी बायकांना घेऊन टास्मानियातल्या होबार्टला गेलं. लंडनमधल्या बायकांच्या एका मंडळाने कैदी बायकांना सुया, दोरा, कापडाचे तुकडे बरोबर दिले होते. त्यांनी वाटेत २,८१५ तुकडे जोडून एक मोठी गोधडी शिवली. ती पुढे हरवली आणि दीडशे वर्षांनी स्कॉटलंडमध्ये एका माळ्यावर सापडली. आता ती कॅनबेराच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. नाजूक कापड, म्हणून क्वचितच मांडतात. पाहायला मिळाली तर टाके जवळून बघा. काही सराईत हाताचे आहेत, काही सुई कधीच न धरलेल्या हाताचे, आणि एके ठिकाणी बोट टोचून पडलेला रक्ताचा बारीक डाग आहे असं जपणूक करणारे सांगतात.

जहाज लागलं की खरं काम सुरू होई, आणि ते काम कागदाचं. प्रत्येक जहाजाची यादी असते, तिला इंडेंट म्हणतात. नाव, वय, धर्म, वाचता येतं का, लग्न झालंय का, मुलं किती, गाव, धंदा, गुन्हा, आधीच्या शिक्षा. मग उंची, डोळे, केस, आणि अंगावरच्या खुणा. पळाला तर ओळखता यावा म्हणून ही मोजदाद. पण आज तीच आमची सोन्याची खाण आहे. दंडावर गोंदलेला जहाजाचा नांगर, बायकोच्या नावाची अक्षरं, मुलाच्या जन्माचं साल, कुठे नुसतंच हृदय. ज्यांची एक ओळही कुणी लिहून ठेवली नाही त्यांच्या मनातलं काहीतरी सरकारी कारकुनाने नकळत उतरवून घेतलं. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या गोळा करणाऱ्यांना हे लगेच कळेल.

मग वाटप. याला असाइनमेंट म्हणत. जमीनदार अर्ज करायचे: मला दोन नांगरे हवेत, एक लोहार, एक मेंढपाळ. सरकार कैदी देई. पगार नाही, मालकाने जेवण, कपडे, झोपायला जागा द्यायची. १८३० च्या सुमाराचा ठरलेला शिधा आठवड्याला १२ पौंड गहू, ७ पौंड गोमांस किंवा मटण, आणि थोडं मीठ व साबण. चहा-साखर मालकाच्या मर्जीवर, आणि ती मर्जीच कैद्याकडून काम काढून घेण्याचं मोठं हत्यार होती. याला वेठबिगार म्हणायचं का? मी म्हणते, कारण माणसाला मालक निवडता येत नव्हता आणि सोडताही येत नव्हता. पण गुलामगिरी म्हणत नाही. शिक्षेला अंत होता, मुलं स्वतंत्र जन्मत, आणि कैदी मालकाविरुद्ध तक्रार करू शकत होता. निदान कागदावर.

कागदावर म्हणते कारण पुढची गोष्ट. मालकाला स्वतः हात उगारायची परवानगी नव्हती. कैद्याला मॅजिस्ट्रेटपुढे न्यावं लागे. ऐकायला चांगलं वाटतं. पण गावाकडचा मॅजिस्ट्रेट म्हणजे पलीकडच्या कुरणाचा मालक; आज तुझ्या कैद्याला मी फटके सांगतो, उद्या माझ्याला तू. उद्धटपणा, आळस, दारू, कामावरून गायब होणं, यांतल्या कशालाही फटके. १८३२ मध्ये एकट्या मॅजिस्ट्रेटला एका वेळी ५० फटक्यांची मर्यादा घातली, तर जमीनदारांनी बोंबाबोंब केली की आता कैदी डोक्यावर बसणार. चाबूक नऊ शेपट्यांचा. दुसरीकडे असेही कैदी आहेत ज्यांच्या पूर्ण सात वर्षांत एकही शिक्षा नाही, मालक एकच, आणि सुटल्यावर त्याच मालकाकडे पगारावर राहिलेले. एकाच जहाजाने आलेले, एकाच गुन्ह्यातले दोघे, आणि नोंदी शेजारी ठेवल्या तर दोन वेगळ्या देशांतले वाटतील.

नीट वागलं तर चार वर्षांनी (चौदावाल्याला सहा, जन्मठेपेला आठ) 'तिकीट ऑफ लीव्ह' मिळे. कैदी तो कैदीच, पण ठरलेल्या जिल्ह्यात राहून स्वतःसाठी कमवायची मुभा. दारू पिऊन सापडला, हजेरी चुकवली, की तिकीट जप्त. त्यानंतर सशर्त माफी, पूर्ण माफी, किंवा मुदत भरल्याचा दाखला. नोंदी शोधताना या कागदांची रांग लावायची. मधला एखादा गायब असला की तिथेच काहीतरी बिनसलेलं असतं, आणि मग शिक्षेची दफ्तरं उघडायची.

बायकांचं थोडक्यात सांगून भागणार नाही, पण एक प्रसंग सांगते. मालकाने परत पाठवलेल्या, गरोदर असलेल्या, शिक्षा झालेल्या बायका पॅरामॅटाच्या 'फीमेल फॅक्टरी'त असत. नाव कारखान्याचं, आत सूतकताई होती, पण तेच प्रसूतिगृह, तेच कामगार केंद्र आणि तोच तुरुंग. तिसऱ्या वर्गातल्या, म्हणजे शिक्षा झालेल्या बायकांचे केस कापत. ऑक्टोबर १८२७ मध्ये पाव आणि साखर कमी केली, तेव्हा बायकांनी दार फोडून गावात धाव घेतली, बेकऱ्या लुटल्या, आणि सैनिक मागे लागल्यावर ओच्यात पाव-मांस भरून परत आल्या. पॅरामॅटाला आज आपली मराठी मंडळी शेकड्यांनी राहतात. नदीकाठी त्या आवाराच्या भिंती अजून उभ्या आहेत. मुलाला आधी तिथे न्या.

पोर्ट आर्थर, नॉरफोक बेट, मॅक्वारी हार्बर या कैद्यांना कोंडायच्या भयंकर जागा मुख्यतः इथे आल्यावर पुन्हा गुन्हा केलेल्यांसाठी होत्या. चित्रांत त्याच दिसतात, म्हणून वाटतं सगळे तिथेच होते.

सामान्य कैदी कुठे होता हे दाखवायचं तर मी मायल क्रीकची झोपडी दाखवते. न्यू साउथ वेल्सच्या उत्तरेला, वस्तीच्या पार कडेला हेन्री डँगर नावाच्या जमीनदाराचं कुरण. मालक दूर राहतो. कारभारी विल्यम हॉब्ज गुरं घेऊन बाहेर गेलेला. झोपडीत दोन कैदी: जॉर्ज अँडरसन, जो झोपडी सांभाळतो, आणि चार्ल्स किलमाइस्टर, जो गुरं राखतो. जवळच विरायराय या मूळ रहिवाशांचा एक गट काही आठवडे तळ देऊन राहिलेला, किलमाइस्टरच्याच बोलावण्यावरून. संध्याकाळी तो त्यांच्यात नाचायचासुद्धा. १० जून १८३८ ला शेजारच्या कुरणांवरचे घोडेस्वार आले. जवळजवळ सगळे कैदी किंवा सुटलेले कैदी, बरोबर जॉन फ्लेमिंग नावाचा एक स्वतंत्र जमीनदाराचा मुलगा. तरुण पुरुष दुसऱ्या कुरणावर झाडाच्या साली काढायला गेले होते. मागे उरलेल्या म्हाताऱ्या माणसांना, बायकांना आणि मुलांना, किमान २८ जणांना, एका दोरीला बांधून नेलं आणि मारलं. दोन दिवसांनी येऊन प्रेतं जाळली.

किलमाइस्टर त्यांच्याबरोबर गेला. अँडरसन गेला नाही.

हॉब्ज परत आला, त्याने चौकशी करून वर कळवलं. अकरा जणांवर खटला चालला. पहिल्या वेळी ज्यूरीने काही मिनिटांतच सगळ्यांना सोडलं. सरकारने सात जणांवर दुसऱ्यांदा खटला भरला, आणि त्यात अँडरसनची साक्ष मोलाची ठरली. शिक्षा भोगत असलेल्या कैद्याने आपल्याच बरोबरीच्या कैद्यांविरुद्ध साक्ष द्यायची, जमीनदारांची वर्तमानपत्रं आरोपींच्या बाजूने असताना. सातही जणांना १८ डिसेंबर १८३८ ला फाशी झाली, किलमाइस्टरसकट. फ्लेमिंग पळाला, कधी पकडला गेला नाही, पुढे आपल्या भागातला प्रतिष्ठित माणूस म्हणून जगला, मॅजिस्ट्रेटही झाला. म्हणजे पुढे कैद्यांना शिक्षा सांगणारा!

तुमचा मुलगा लहान आहे, त्याला हे आज सांगू नका. पण तुम्ही लक्षात ठेवा. कैद्यांच्या हालांची गोष्ट सांगताना जमीन कुणाची होती हे गळून पडतं. ती गुरं त्या कुरणावर नेणारा पहिला माणूस बहुधा कैदीच होता. त्याला तिथे मालकाने पाठवलं होतं. बंदूकही त्यानेच दिलेली.

यशाच्या गोष्टीही आहेत, त्यांना मी जरा बिचकून असते. ब्रिस्टलचा वास्तुविशारद फ्रान्सिस ग्रीनवे १८१२ मध्ये खोट्या दस्तऐवजाबद्दल फाशीची शिक्षा होऊन, ती चौदा वर्षांवर येऊन इथे आला आणि गव्हर्नर मॅक्वारीच्या हाताखाली त्याने सिडनी बांधली. देशाने १९६६ च्या दहा डॉलरच्या नोटेवर त्याला छापलं. खोटे कागद करणारा माणूस नोटेवर! मेरी रीबी घोडा चोरल्याबद्दल पोरवयात आली, पकडली तेव्हा मुलाच्या वेशात होती. तिने व्यापाऱ्याशी लग्न केलं, १८११ मध्ये नवरा गेल्यावर सात मुलं सांभाळत जहाजं आणि गोदामं चालवली. त्यांच्या घराचं नाव एंटली, कलकत्त्यातल्या एका भागावरून. नवरा आधी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर होता. ती आज वीस डॉलरच्या नोटेवर आहे. पर्समधून काढून मुलाला दाखवा. पण दोघेही लवकर आले, शहरात राहिले, आणि हातात कसब किंवा भांडवल पडलं. किलमाइस्टरच्या नशिबी कुरण आलं.

ग्रीनवेच्याच हाइड पार्क बराकी सिडनीत आहेत, १८१९ मध्ये उघडलेल्या. तिथे सहाशेच्या आसपास पुरुष झोळ्या टांगून झोपत. गंमत अशी की त्याआधी सरकारी कामावरचे कैदी गावात स्वतः खोली शोधून, दुपारी तीननंतर दुसऱ्याकडे राबून भाडं भरत. बराक आल्यावर त्यांना ती शिक्षा वाटली. जमिनीच्या फळ्यांखाली उंदरांनी ओढून नेलेले सदऱ्यांचे तुकडे, टोप्या, कागद दीडशे वर्षं कोरडे राहिले, ते तिथे मांडलेले आहेत. मुलांना उंदीर आवडतात.

राहिला शेवटचा प्रश्न, परत का गेले नाहीत. मुदतीआधी ब्रिटनमध्ये सापडलं तर १८३४ पर्यंत फाशी होती. पण मुदत संपल्यावर? कायद्याने मोकळे, जायला कुणाची ना नाही. फक्त सरकारने जायचं भाडं भरलं होतं, परतीचं नाही. पुरुषाला जहाजावर खलाशाचं काम धरून जाता येई. बाईला तेही नाही. सात वर्षं बिनपगारी राबलेल्या माणसाकडे तेवढे पैसे कुठून येणार? आणि एव्हाना इथे बहुधा दुसरं लग्न, दोन मुलं, थोडी गुरं. माझ्याकडे आलेल्या बऱ्याच घराण्यांच्या फाइलीत शेवटचा सरकारी कागद तो सुटकेचा दाखला असतो. त्यावर पुन्हा उंची, डोळ्यांचा रंग, दंडावरचा नांगर, सगळं लिहिलेलं. सुटलेल्या माणसाने तो खिशात बाळगायचा, वाटेत शिपायाने अडवलं तर दाखवायला.